गुळव्याच्या खिडकीतली पाखरं

कुस्तोदिओ आरिसाला आमच्या सुआरेस खोऱ्यात सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतला नव्हे हं, गुऱ्हाळातला मास्तर. शाळेत तो जेमतेम दोन वर्षं गेला. पण काहिलीतला रस फुगून वर आला की बाकीची माणसं मागं सरायची आणि हा पुढं व्हायचा. आधी नुसता बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा. मग हात गार पाण्यात बुडवून तसाच उकळत्या पाकात घालायचा, बाहेर काढून पुन्हा पाण्यात, आणि चिमटीत गोळी वळून म्हणायचा, "उतरवा." त्यानं म्हटलं की उतरवायचं, मालकसुद्धा मध्ये बोलायचा नाही. एक्कावन्न वर्षांत त्याची एकच काहील करपली, ती त्याचा बाप गेला त्या दिवशी.

माणूस तिरसट, खोटं कशाला बोलू! नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बोलणार कमी, आणि जे बोलणार ते गुळाबद्दल. मळी काढायला झाडाच्या सालीचाच चिकट रस हवा. पुडीतली पांढरी पावडर टाकणाऱ्याला तो ओळखसुद्धा द्यायचा नाही. आणि साखरेचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड. त्यालाही कारण होतं. आमच्याकडे काही हरामखोर साखरेची पोती वितळवतात, त्यात रंग मारतात, साच्यात ओततात आणि गूळ म्हणून बाजारात नेतात. एका हंगामात कुस्तोदिओच्या मालकानंच अशी दहा पोती गुऱ्हाळावर आणून टाकली. कुस्तोदिओनं हातातला डाव खाली ठेवला, टोपी घातली आणि घरचा रस्ता धरला. तीन महिने घरी बसला. त्याची बायको बेत्साबे लोकांची धुणी धुवायला लागली, पण 'जा, मालकाला भेटून या' असं एका शब्दानं म्हणाली नाही. शेवटी मालकच आला बोलवायला. तेव्हापासून कुस्तोदिओनं सांगून ठेवलं होतं, माझ्या उंबऱ्याच्या आत साखरेचा कण येता कामा नये. त्याच्याकडे गेलात की कॉफी गुळाची, लिंबूपाणी गुळाचं. पाद्री आला तरी तेच.

बेत्साबेशी लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. दोघं एकमेकांना जन्मभर तुम्हीच म्हणत आली, आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात तसं. पण म्हणायला तरी दोघं कधी भेटायची? गाळप सुरू झालं की हा पहाटेच्या आधी बाहेर पडायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. आपलं घर उजेडात त्यानं फक्त रविवारी पाहिलं, आणि रविवारी तो झोपायचा. पोरं दोन, बेत्साबेनं वाढवली आणि ती बोगोताला निघून गेली. मग घरात ती एकटी, कोंबड्या आणि अंगणातली कंदिलाची झुडपं. लाल-पिवळ्या कंदिलांसारखी फुलं खाली तोंड करून लोंबतात ना, तीच. तिनं कुंपणभर लावली होती. त्यावर तोमिनेहो यायचे. अंगठ्याएवढं पाखरू, हवेत एका जागी उभं राहून फुलातला मध पितं. शाळेच्या पुस्तकात त्याला हमिंगबर्ड म्हणतात. बेत्साबे धुणं वाळत घालताना हातातलं कापड हातातच ठेवून त्यांच्याकडे बघत राहायची, असं शेजारणी सांगतात.

ती झुडपं कुस्तोदिओनं तोडली. आठ वर्षांपूर्वी पाऊस लांबला, मालकाच्या छपराखाली उसाची चिपाडं वाळवायला जागा उरली नाही, आणि यानं मोठेपणानं आपलं अंगण देऊ केलं. एका सकाळी कोयता घेऊन सगळं कुंपण आडवं केलं. बेत्साबे दारात उभी होती. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी फांद्या तरी ठेवल्या असत्या." एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मार्चमध्ये ती धुण्याच्या दगडापाशी कोसळली. अर्धांग. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अकरा दिवसांनी तिला घरी आणलं तेव्हा कुस्तोदिओनं गुऱ्हाळावर निरोप पाठवला, की आता मी येणार नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याला कॉफीची किटली कुठं असते ते ठाऊक नाही, तो बायकोला भरवायला शिकला, कूस बदलायला शिकला, तिचे केस विंचरायला शिकला. वेणी मात्र त्याला कधी जमली नाही. तिचा पलंग त्यानं मागच्या खिडकीशी लावला. ती खिडकीकडे बघायचीच नाही. तोंड भिंतीकडे.

आरोग्य केंद्रातून पंधरवड्यानं व्यायाम करून घेणारी बाई यायची. ती स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "मास्तर, भिंतीकडे बघून कुणी बरं होत नाही. यांना काहीतरी बघायला द्या. बोलावंसं वाटलं पाहिजे त्यांना. पहिल्या चार-सहा महिन्यांत आवाज फुटला तर फुटला, नाहीतर मग अवघड आहे."

"एक शब्द जरी बोलली तरी मला पुरे," कुस्तोदिओ म्हणाला.

"कुठला शब्द हवाय?"

"कुठलाही. शिवी दिली तरी चालेल."

बाई हसली. हा हसला नाही.

त्या दिवशी त्याला ती झुडपं आठवली. त्यानं स्वतःला लाज वाटेपर्यंत शिव्या घातल्या. मग शेजाऱ्याकडून कंदिलाच्या फांद्या मागून आणल्या आणि खिडकीखाली खोचल्या. पण फांदीला मूळ फुटून, झुडूप होऊन, फुलं यायची म्हणजे वर्ष जाणार. वर्ष कुणाकडे होतं? मग त्यानं दारूची चपटी बाटली धुतली, लाल झाकणाला तापल्या खिळ्यानं भोकं पाडली, आणि बाटली उलटी करून तारेनं खिडकीच्या चौकटीला टांगली. आत काय घालायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याच्या हातच्या शेवटच्या काहिलीतल्या ढेपा फडताळात होत्या, सोन्यासारख्या. त्यातली एक फोडली, पाण्यात उकळली, गाळली, चाखली. तोमिनेहोला जगातली चांगलीतली चांगली वस्तू द्यायची तर ती हीच.

दुसऱ्याच दिवशी पाखरू आलं. हिरवं, शेपूट तांब्याच्या रंगाचं. बाटलीपाशी येऊन उभं राहिलं आणि पंखांचा आवाज खोलीभर झाला. बेत्साबेनं भिंतीवरून तोंड वळवलं.

कुस्तोदिओचे पाय तिथंच थांबले. एका दिवसात पाखरू! लोक महिना महिना वाट बघतात. "बघा, बघा," तो म्हणाला, "माझ्या गुळाचा वास कसा लागला लेकाला!" बेत्साबे बाटलीकडे बघत होती. मग तिच्या घशातून काहीतरी आलं. "म्मा... आ..." डावा हात उचलला गेला आणि पलंगाच्या काठावर आपटला. पुन्हा तेच. दोन महिन्यांनी तिच्या तोंडून आवाज निघाला होता. हा म्हातारा गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला.

मग काय विचारता! एकाच्या दोन बाटल्या झाल्या, दोनाच्या पाच. पाखरंही जमली. एक बारका पण भांडकुदळ तोमिनेहो बाकीच्यांना हुसकावत दिवसभर पहारा द्यायचा. कुस्तोदिओनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. तो उठला की आधी चुलीवर गुळाचं पाणी ठेवायचा, मग कॉफी. तांब्या घेऊन तो खिडकीशी गेला की बेत्साबेचा हात आपटायला लागायचा, आवाज चढायचा, "म्मा, म्मा," मान गरगर हलायची. "होय हो, भरतोय, भरतोय," तो म्हणायचा, "किती ती घाई तुम्हाला!" आणि बाटल्या काठोकाठ भरायचा. त्याला वाटायचं, जन्मात पहिल्यांदा आपण हिला काहीतरी दिलं.

व्यायामवाली बाई आली. तिनं तो आवाज ऐकला आणि खूश झाली. "अहो मास्तर, हा शब्दच आहे! त्यांना काहीतरी म्हणायचंय. जे करताय ते सोडू नका. जास्तच करा."

त्यानं सहावी बाटली टांगली.

दर गुरुवारी ओतीलियाबाई बेत्साबेपाशी बसून जपमाळ म्हणायला यायच्या. शाळेतल्या बाई, निवृत्त झालेल्या, पण दिसेल त्याची चूक काढायची खोड गेली नव्हती. मेच्या मध्यावर त्या आल्या, खिडकीकडे बघितलं आणि माळ हातातच राहिली.

"मास्तर, पाण्यात काय घालता?"

"गूळ. माझा."

"अरे देवा! गूळ घालू नका हो. गुळाचं पाणी उन्हात आंबतं, बुरशी येते. ती यांच्या जिभेला धरते. जीभ सुजते, मग पाखरू पिऊ शकत नाही, उपाशी मरतं. यांना साधी पांढरी साखर द्यायची असते."

साखर! त्याच्या घरात, त्याच्या तोंडावर. कुस्तोदिओचा आवाज चढला. "बाई, माझ्या गुळावर अर्ध्या जिल्ह्यातली पोरं वाढलीत. तुमच्या शाळेतली निम्मी त्यातलीच."

"पोरं वाढली असतील. पाखराचं पोट निराळं असतं."

"ती कारखान्याची पांढरी राख देऊ यांना? हाडाचा भुगा बरा तिच्यापेक्षा!"

इकडे पलंगावर बेत्साबेनं एकच कालवा मांडला. हात आपटतेय, मान हलवतेय, घशातून ओरडतेय, डोळे मोठे झालेले. कुस्तोदिओनं बोट दाखवलं. "बघा. तिलाही तुमचं बोलणं आवडलं नाही. आजारी माणसाला त्रास देऊ नका. या तुम्ही."

ओतीलियाबाई उठल्या. दारात म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी," आणि गेल्या. पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत. यानं फिकीर केली नाही.

पहिलं मेलेलं पाखरू त्याला अंगणात सापडलं, तेव्हा त्यानं शेजारच्या मांजराला दगड मारला. मुकादम दिसेनासा झाला, तेव्हा म्हणाला, गेला असेल डोंगरावर, फुलांचे दिवस आहेत. माणसाला खरं नको असलं की कारणं कमी पडत नाहीत. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, एक तोमिनेहो खिडकीच्या कठड्यावर येऊन बसला. बसला म्हणजे उडेचना. पिसं फुगलेली, चोच उघडी, आणि चोचीतून जीभ बाहेर लोंबलेली, पांढरट, सुजलेली. चोच बाटलीच्या भोकाला लावायचा आणि जीभ आत जायची नाही. पुन्हा लावायचा. कुस्तोदिओनं हात पुढं केला, तरी पाखरू हललं नाही. त्यानं ते तळहातावर घेतलं. वजन म्हणून काही लागलंच नाही.

मग त्यानं बाटलीचं तोंड नाकाशी नेलं. आंबूस. आंबलेल्या रसाचा वास त्याला गुऱ्हाळात शंभर पावलांवरून यायचा. त्या वासावरून त्यानं भल्याभल्यांचा रस ओतून दिला होता. स्वतःच्या खिडकीतला त्याला महिनाभर आला नव्हता. आला असेल, पण त्याच्या गुळाला असा वास येऊ शकतो हे त्याच्या डोक्यातच शिरलं नसेल.

पाखरू त्याच्या हातात मेलं. बेत्साबे बघत होती. त्यानं हात पाठीमागं नेला, पण उशीर झाला होता. तिनं आवाज केला नाही. डावा हात कपाळावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानं सहाही बाटल्या उतरवून अंगणात ओतल्या. खिडकीखालच्या पाल्यात त्याला आणखी चार-पाच सापडली, काही नुसती पिसं. त्यानं ती सगळी फावड्यानं पुरली. मग तोंड धुतलं, टोपी घातली आणि नेपोमुसेनोच्या दुकानाकडे निघाला. दुकान चौकातच; तिथं पाच गिऱ्हाइकं हमखास असतात. कुस्तोदिओ समोरच्या बाकावर दुकान रिकामं व्हायची वाट बघत तासभर बसला. चोर बसतो तसा.

"काय मास्तर," नेपोमुसेनो म्हणाला, "मीठ?"

"साखर." आवाज इतका खाली, की त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. "पांढरी. एक पौंड."

दुकानदार डोळे मोठे करणार, चौकभर ओरडणार, उद्या गावात दवंडी पिटणार, या तयारीनं कुस्तोदिओ उभा होता. नेपोमुसेनोनं मागं वळून पिशवी काढली आणि फळीवर ठेवली. "पाखरांचीच ना? म्हटलं मार्चपासून कुणी नेली कशी नाही."

"कुणी म्हणजे?"

नेपोमुसेनो थबकला. नको ते बोलून गेलो हे त्याला कळलं, पण आता काय उपयोग. "आता लपवून काय करायचं, मास्तर. बेत्साबेताई न्यायच्या. दर महिन्याला एक पौंड. किती वर्षं झाली मला आठवत नाही. तुम्ही कुंपण तोडलंत त्याच्याही आधीपासून. मागं धुण्याच्या दगडापाशी वाटी टांगायच्या, तुम्ही यायच्या आत उतरवून ठेवायच्या. एका साखरेला चार पाणी, रोज नवं. मीच एकदा म्हणालो, अहो ताई, घरात एवढा गूळ आणि तुम्ही साखर कसली नेता? तर म्हणाल्या, 'गुळानं मरतात ती. मी एकदा घालून बघितलाय, पाप झालंय माझ्याकडून. पण यांना सांगू नका. यांच्या गुळानं कुणी मरतं हे ऐकलं तर हा माणूस जेवायचा नाही.'"

कुस्तोदिओनं खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले.

"पैसे राहू द्या," नेपोमुसेनो म्हणाला. "मास्तर? बसता का जरा?"

तो बसला नाही. तो घरी आला आणि आधी मागं गेला. धुण्याच्या दगडाच्या वर, छपराच्या वाशाला एक तारेचा आकडा होता. खाली दगडावर लाल रंग दिलेली पत्र्याची वाटी. तीन महिने तो त्या वाटीत साबण ठेवत होता. म्हणून पाखरू दुसऱ्या दिवशी आलं होतं! गुळाच्या वासानं नव्हे. तिचीच पाखरं ती, या घराला सरावलेली, तिला शोधत आलेली. आणि तांब्या घेऊन तो खिडकीशी गेला की ती ओरडायची, हात आपटायची, मान हलवून नको नको म्हणायची, आणि हा म्हणायचा किती घाई तुम्हाला, आणि आणखी एक बाटली टांगायचा.

त्यानं साखरेचं पाणी केलं. एकाला चार. वाटी घासून घासून धुतली, भरली, आणि पिशवी आणि वाटी दोन्ही घेऊन बेत्साबेच्या पलंगाशी गेला. तिच्या खांद्याखाली हात घालून तिला हळूच वळवलं.

"साखर आहे," तो म्हणाला. "पांढरी. नेपोमुसेनोकडून आणली. चव घेऊन बघा हवी तर."

तिनं पिशवीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"तुम्ही मला हेच सांगत होतात ना? इतके दिवस?"

तिचे डोळे भरले आणि पाणी कानाकडे ओघळलं. डावा हात चादरीवर होता, तो आपटला नाही. तिनं तो उचलून त्याच्या मनगटावर ठेवला आणि डोळे मिटले.

"मला समजलं नाही हो," तो म्हणाला. "त्रेचाळीस वर्षं मला तुमचं काही समजलंच नाही."

त्यानं वाटी खिडकीत टांगली. त्या दिवशी कुणी आलं नाही, त्या आठवड्यातही नाही. तो रोज पाणी ओतून रोज नवं भरत राहिला. नवव्या दिवशी एक पाखरू आलं, प्यायलं, गेलं. मग दोन यायला लागली. बेत्साबे त्यांच्याकडे बघायची, शांतपणे, तोंड मिटून. भिंतीकडे तिनं पुन्हा तोंड केलं नाही, पण तोंडातून आवाजही काढला नाही. कुस्तोदिओ तिच्यासमोर तांब्या हलवायचा, बोलायचा, विनवायचा, मुद्दाम फडताळातून ढेप काढून दाखवायचा, की आता तरी रागावेल, म्मा म्हणेल. ती फक्त मान हलवायची, सावकाश, समजूत घालावी तशी.

मधली खेप चुकवून जूनच्या अखेरीला व्यायामवाली बाई आली. तिनं बराच वेळ प्रयत्न केला, गालांवर बोटं फिरवली, आरसा धरला. शेवटी वही मिटून बाहेर आली. कुस्तोदिओ चुलीपाशी पाणी उकळत होता.

"मास्तर, असं कसं झालं? मागच्या महिन्यात चांगल्या बोलायच्या बेतात होत्या. आता प्रयत्नच करत नाहीत. काय बदललं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तिला जे सांगायचं होतं ते मला कळलं."

बाईला काही उमगलं नाही. त्यानं भांडं खाली उतरवलं, पाणी निवायला ठेवलं आणि साखर मोजायला घेतली.